करिअर पुरवणीत राहून गेलेली एक नोकरी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारची तुमची करिअर पुरवणी आमच्या घरात सगळ्यांनी वाचली, चांगली केलीय, शेजारच्या बारावीच्या पोराला मी कात्रण पण काढून दिलं. पण बँकिंगच्या पानावर क्लार्क, पीओ, सोसायटीतली नोकरी आणि विमा एवढंच होतं, आणि ते बघून मला राहवेना म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. थोडं लांबेल, जागा नसेल तर काटछाट करा पण मुद्दा ठेवा ही विनंती.

मी बेळगावातल्या शहापूरची. इथल्याच उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, २६ वर्षं अकाउंट्स आणि एक्स्पोर्टची कागदपत्रं सांभाळली, आता घरी आहे. माझी भाची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची मुलगी, युरोपातल्या एका देशाच्या मध्यवर्ती बँकेत इकॉनॉमिस्ट आहे, मध्यवर्ती बँक म्हणजे आपली रिझर्व्ह बँक तशी त्यांची. भावाचे खासबागेत चार माग आहेत, पोरगी मराठी शाळेत शिकलेली, मागाच्या खडखडाटात अभ्यास केलेली. वहिनीला गल्लीत कुणी विचारलं "पोरगी काय करत्या गं?" तर ती सांगते "बँकेत हाय", आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला, "कुठल्या ब्रँचला?" तिथं वहिनी गप्प होते. तिला सांगायचं असतं पण शब्द नाहीत तिच्याकडं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण शब्द नाहीत यात वहिनीचा काही दोष नाही, ते काम काय असतं हे मराठीत आपल्याला कुणी नीट सांगितलेलंच नाही.

तर मीच प्रयत्न करते. तिच्या विषयाला इंटरनॅशनल मॅक्रोफायनान्स म्हणतात. एका देशातला पैसा दुसऱ्या देशात का जातो, अचानक परत का पळतो, त्यानं रुपयासारख्या चलनाचं काय होतं, बँकांच्या आणि कारखान्यांच्या ताळेबंदावर काय परिणाम होतो आणि शेवटी पगार, भाव, व्याज यांच्यावर तो कसा येऊन आदळतो, हे सगळं आकड्यांनिशी शोधायचं. ऐकायला लांबचं वाटतं ना? मलाही वाटायचं, पण माझ्या टेबलावरून २०१३ साली हेच सगळं गेलं आणि तेव्हा मला त्याचं नाव माहीत नव्हतं.

झालं असं. आमच्या मालकांनी तैवानची एक मशीन घेतली, बिल होतं २ लाख डॉलर. रुपयात कर्ज काढलं तर व्याज जास्त, म्हणून बँकेनं सुचवलं बायर्स क्रेडिट घ्या, डॉलरमधलं कर्ज, व्याज अगदी कमी. तेव्हा डॉलर ५४ च्या आसपास होता, म्हणजे १ कोटी ८ लाखाची गोष्ट. मी विचारलं होतं फॉरवर्ड कव्हर घ्यायचं का, म्हणजे डॉलरचा भाव आजच बांधून ठेवायचा का, तर त्याला वर्षाला सहा-सात टक्के जायचे आणि मग स्वस्त कर्जाचा फायदाच उरत नव्हता, सगळे म्हणाले राहू दे, आपला माल पण डॉलरमध्ये जातोय की. बाजूच्या दोन-तीन कारखान्यांनीही हेच केलेलं, कुणालाच ते चुकीचं वाटलं नाही.

मग २२ मे २०१३ ला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, फेडरल रिझर्व्हचे प्रमुख बेन बर्नांकी त्यांच्या संसदेच्या समितीपुढं बोलता बोलता एवढंच म्हणाले की आम्ही दर महिन्याला ८५ अब्ज डॉलरचे रोखे विकत घेतोय ते पुढच्या काही बैठकांत कमी करायला लागू शकतो. कमी केले नाहीत हो, करू शकतो म्हणाले फक्त. पण तसं झालं तर अमेरिकेत व्याज वाढणार, या अंदाजानं जगभर भारत, ब्राझील, इंडोनेशिया, तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका अशा देशांत गुंतवलेला पैसा परत अमेरिकेकडं वळायला लागला, डॉलर त्या दिवशी ५५-५६ होता तो जूनमध्ये ६० वर गेला आणि २८ ऑगस्टला ६८ च्याही पार. आमच्या ऑफिसात सुरुवातीला सगळे खूश होते, एक्स्पोर्टचे पैसे जास्त येणार म्हणून. पण तिकडच्या गिऱ्हाईकाचा लगेच मेल आला, तुमचा रुपया पडलाय, रेट कमी करा. आणि मशीनच्या कर्जाची तारीख होती सप्टेंबरात. त्या आठवड्यात बँकेतून रोज फोन, मालकांना रात्री झोप नाही, शेवटी घाबरून त्यांनी ६८ नं डॉलर बुक केले. १ कोटी ३६ लाख. २८ लाखाचा फरक मी माझ्या हातानं व्हाउचरवर लिहिला, अजून ते पान डोळ्यासमोर आहे. ऑक्टोबरात डॉलर परत ६१-६२ ला आला, पण आमचं जे जायचं ते गेलं होतं. त्या दिवाळीला कामगारांचा बोनस निम्मा झाला. मोल्डिंगमधल्या मामांनी मला विचारलं, "मॅडम, माल तर रोज जातोय, मग बोनस कुठं गेला?" आणि मला त्यांना एका वाक्यात उत्तर देता आलं नाही.

भाची त्या वर्षी मुंबईत गोरेगावला शिकत होती, सुट्टीला आली तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. ती वही घेऊन बसली. आत्या, कर्ज किती दिवसांचं होतं, कव्हर किती टक्क्यांनी मिळत होतं, बाजूच्या कारखान्यांनी कधी डॉलर घेतले, असं तास-दीड तास विचारत होती. मग म्हणाली, आत्या तुमच्या मालकांचं एकट्याचं गणित चुकलं नव्हतं, पण सगळ्यांनीच तेच गणित केलं ना, मग रुपया पडायला लागल्यावर सगळेच एकदम डॉलर घ्यायला धावले आणि त्या धावण्यानंच रुपया आणखी पडला. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आमच्या ऑफिसातली ती भीती ही सुद्धा अभ्यासाची गोष्ट आहे, कुणीतरी तिचं मोजमाप करतं.

आणि तैवानची मशीन, बेळगावचा कारखाना, मग बिल डॉलरमध्ये का? अमेरिकेचा त्यात काय संबंध? तर यावरच डॉ. गीता गोपीनाथ यांचं नावाजलेलं संशोधन आहे, जगातला बराचसा व्यापार ज्या दोन देशांत होतो त्यांच्या चलनात न होता डॉलरमध्ये होतो आणि त्यामुळं रुपया पडला की निर्यात वाढते हे पुस्तकातलं गणित प्रत्यक्षात तसं लगेच चालत नाही. रेट डॉलरमध्ये असला की रुपया पडूनही गिऱ्हाईकाला माल आपोआप स्वस्त पडत नाही, आमच्या गिऱ्हाईकाच्या त्या एका मेलमध्ये हेच तर होतं. गोपीनाथबाई मैसूरला वाढलेल्या, आपल्याच राज्यात, पुढं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या, म्हणजे अडचणीतल्या देशांना कर्ज देणाऱ्या संस्थेच्या, चीफ इकॉनॉमिस्ट झाल्या. स्वित्झर्लंडमधल्या बेझलच्या बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सनं, म्हणजे मध्यवर्ती बँकांच्या बँकेनं, २०२२ साली मोजलं तेव्हा जगात दिवसाला ७.५ लाख कोटी डॉलरची चलनं एकमेकांत बदलली जात होती आणि त्यातल्या ८८ टक्के सौद्यांत एका बाजूला डॉलर होता. त्यात आमचे ते २ लाख कुठंतरी असेच.

अजून एक गोष्ट सांगते, मला ती फार लागली. २०१३ च्या त्याच ऑगस्टमध्ये, रुपया तळाला गेला त्याच्या काही दिवस आधी, अमेरिकेत जॅक्सन होल इथं जगातल्या मध्यवर्ती बँकांची दरवर्षीची परिषद भरली होती, तिथं एलेन रे नावाच्या फ्रेंच अर्थतज्ज्ञ बाईंनी पेपर वाचला. जुना नियम असा की देशाला तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत, चलनाचा ठरलेला भाव, पैशाची मोकळी ये-जा आणि स्वतःचं व्याजदराचं धोरण, यातल्या दोनच निवडा. चलनाचा भाव मोकळा सोडला तर बाकीच्या दोन मिळतात असं सगळे धरून चालले होते. रे बाईंनी दाखवलं की तसंही नाही, जगातला पैसा एका लयीत भरती-ओहोटीसारखा हलतो, ती लय बरीचशी अमेरिकेच्या धोरणावर ठरते आणि भाव मोकळा ठेवलेल्या देशालाही ती चुकत नाही. बघा म्हणजे, आमच्या ऑफिसात बँकेचे फोन वाजत होते आणि तिकडं त्याच आठवड्याच्या आसपास कुणीतरी नेमकं तेच मांडत होतं. आम्हाला मात्र पत्ता नाही, कारण हे आमच्या भाषेत येतच नाही.

आता ही नोकरी रोजची कशी असते ते. भाचीचा साधारण निम्मा वेळ बँकेच्या कामाला जातो, बाहेरून कर्ज किती आलं, कुठल्या बँकांनी डॉलरमध्ये किती देणं करून ठेवलंय, उद्या तिकडं व्याज वाढलं तर इथं कोण आधी अडचणीत येईल, याच्या नोट्स वरिष्ठांना द्यायच्या, कधी कधी रात्रीत. उरलेला निम्मा वेळ स्वतःचं संशोधन. एक पेपर पुरा व्हायला तीन-चार वर्षं लागतात, त्यातला बराच काळ नुसता डेटा साफ करण्यात जातो, मग सेमिनारमध्ये लोक उभं राहून चुका काढतात, मग जर्नलवाले परत पाठवतात, परत लिहायचं. एका पेपरला तिच्या पाच वर्षं लागली, फोनवर रडली पण होती. प्रत्येक पेपरच्या पहिल्या पानावर छापलेलं असतं की ही मतं लेखकाची, बँकेची नव्हेत. आणि धोरणाच्या बैठकीआधी ती व्याजदराबद्दल एक शब्द बोलत नाही, घरच्यांशी सुद्धा नाही, मी एकदा सहज विचारलं तर म्हणाली आत्या पावसाचं बोलूया. मला तिचा त्या दिवशी फार अभिमान वाटला.

वहिनीला मी शेवटी १९९१ वरून समजावलं. बाई गं, तेव्हा देशाकडं परदेशी चलन इतकं कमी उरलं की रिझर्व्ह बँकेला ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडं गहाण ठेवायला लागलं, तू पाटल्या ठेवल्या होत्यास ना सुताच्या बिलासाठी, तसं. आणि २०२४ च्या सप्टेंबरात तीच गंगाजळी ७०० अब्ज डॉलरच्या वर गेली. ती किती असावी, कुठं ठेवावी, कधी वापरावी, हे ज्यांनी बसून काढायचं असतं त्यांच्यातली तुझी पोरगी. वहिनी म्हणाली, "मग हे मोठंच काम की." होय की, मोठंच आहे.

आपल्या सीमाभागाला तर हे काम परकं वाटायचं काही कारणच नाही. चिंतामणराव देशमुख आपल्याला माहीत आहेत ते मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं म्हणून, आणि त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला बेळगावचं काय झालं ते इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे. पण तेच चिंतामणराव १९४३ पासून रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर होते आणि १९४४ ला अमेरिकेत ब्रेटन वुड्सला नाणेनिधी आणि जागतिक बँक जिथं ठरली तिथं भारताच्या शिष्टमंडळात बसले होते. युद्धाच्या काळात इंग्लंडकडं भारताचे जे पौंड अडकले होते ते परत कसे मिळणार हा प्रश्न आपल्या लोकांनी तिथं लावून धरला. हे कुणी सांगत नाही आपल्या शाळांत. आणि बाबासाहेब? एप्रिल १९२५ मध्ये बाबासाहेब निपाणीला परिषदेला आले होते हे निपाणीकर आजही सांगतात. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी भारताच्या चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनपुढं रुपयावर साक्ष दिली, ज्या कमिशनच्या शिफारशीतून पुढं १९३५ ला रिझर्व्ह बँक आली. दोन वर्षं आधी लंडनला त्यांनी रुपयावरच प्रबंध लिहिला होता आणि त्यात त्यांचं म्हणणं होतं की रुपयाचा बाहेरचा भाव धरून ठेवण्यापेक्षा देशातल्या माणसाला त्यात काय विकत मिळतं ते स्थिर ठेवा. आज माझी भाची ज्याच्यावर मान मोडून काम करते त्याच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. अलीकडचं उदाहरण हवं तर डॉ. नरेंद्र जाधव, वडील मुंबईच्या पोर्ट ट्रस्टमध्ये कामाला, मुलगा रिझर्व्ह बँकेचा मुख्य अर्थतज्ज्ञ झाला.

मग आपली पोरं का जात नाहीत? हुशारीची कमी नाही. आमच्या भाचीची गोष्ट सांगते. बारावीनंतर तिला बीएला इकॉनॉमिक्स आणि मॅथ्स दोन्ही हवं होतं. इथल्या एका कॉलेजात गेलो तर सांगितलं "असं कॉम्बिनेशन नाही", आणि वर म्हणाले मुलीला अर्थशास्त्राला गणित कशाला पाहिजे. तिथून परत येताना ती रस्ताभर बोलली नाही. शेवटी बीएस्सी मॅथ्स केलं आणि अर्थशास्त्र स्वतः पुस्तकं आणून वाचलं. गणितच उपयोगाला आलं पुढं, संपादक साहेब, या विषयात कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, स्टॅटिस्टिक्स आणि आता कोडिंग याच्याशिवाय पाऊल पडत नाही. आणि आपल्याकडं आर्ट्सला जायचं तर दहावीला गणिताला रामराम, तिथंच दार बंद होतं आणि पोराला ते कळतही नाही.

पुढचा रस्ता तिनं असा केला, तुमच्या वाचकांना उपयोग होईल म्हणून लिहिते. रिझर्व्ह बँकेनंच १९८७ साली गोरेगावला काढलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, तिथं प्रवेश परीक्षा देऊन पदव्युत्तर शिक्षण. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट आहे, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे, तिथंही चालतं. त्यानंतर परदेशात पीएचडी. इथं लोकांना वाटतं त्याला पन्नास लाखाचं लोन लागतं, तर नाही, चांगल्या विद्यापीठात पीएचडीला फी माफ असते आणि वर महिन्याला पैसे मिळतात, बदल्यात शिकवायला किंवा संशोधनाला मदत करायची. भावानं तिकिटाचे आणि सुरुवातीच्या दोन महिन्यांचे पैसे दिले तेवढेच, त्यासाठी एक माग विकला होता, तो नंतर तिनं परत घेऊन दिला. शेवटच्या वर्षी आपला सगळ्यात चांगला पेपर घेऊन जगभरच्या विद्यापीठांना आणि मध्यवर्ती बँकांना एकदमच अर्ज करायचे असतात, डिसेंबर-जानेवारीत मुलाखती होतात.

आणि परदेशात जायलाच पाहिजे असंही नाही. रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी, म्हणजे अधिकाऱ्यांच्या, भरतीत आर्थिक आणि धोरण संशोधन विभागाच्या जागा वेगळ्या निघतात, डीईपीआर म्हणतात त्याला. जागा थोड्या असतात, गेल्या काही वर्षांत वीस-तीसच्या आसपास, पण एमए इकॉनॉमिक्स ५५ टक्के आणि वय २१ ते ३० एवढी अट, अर्थशास्त्राचे पेपर, इंग्रजीचा पेपर आणि मुलाखत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात किंवा इथं राणी चन्नम्मामध्ये एमए करणारी आपल्या भागातली पोरं दरवर्षी किती असतील, त्यातल्या किती जणांना ही परीक्षा माहीत आहे? मी चार जणांना विचारलं, एकालाही नव्हती. एक पोरगी तर एमएला फर्स्ट क्लास होती आणि क्लार्कच्या परीक्षेची तयारी करत होती. क्लार्कची नोकरी वाईट नाही, पण तिला दुसरं दार दाखवणारं कुणी नव्हतं हे मला खटकतं.

हे सगळं कशासाठी लिहिलं तर आपलं गाव रोज डॉलरवर चालतं. उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्र्या, चंदगडचे काजू कारखाने आफ्रिकेतून कच्चा काजू आणतात ते, सराफ कट्ट्यावरचा सोन्याचा भाव, सगळ्याच्या मागं तोच. आणि त्याचा अभ्यास करणारं, परत येऊन आपल्या बोलीत समजावणारं माणूस आपल्याकडं नाही. त्या मोल्डिंगमधल्या मामांना उत्तर द्यायला कुणीतरी हवं होतं.

तर दोन विनंत्या. पुढच्या पुरवणीत या नोकरीला अर्धं पान द्या. आणि दर शुक्रवारी रिझर्व्ह बँक परदेशी चलनसाठ्याचा आकडा देते, तो तुम्ही शनिवारी कोपऱ्यात छापता, त्याखाली चार ओळी साध्या मराठीत द्या, वाढला तर का, घटला तर का, उद्यमबागेला त्याचं काय. भाची गणपतीला येणार आहे. सत्कार, शाल-श्रीफळ काही नको म्हणाली, एमएची आणि बीएस्सीची पोरं गोळा होणार असतील तर ती तीन तास बसायला तयार आहे. शहापुरात किंवा वडगावात एखाद्या वाचनालयाचा हॉल मिळाला आणि फळा-खडू असला की झालं, तारीख तुमच्या पेपरात छापाल का?

आपली,
एक वाचक, शहापूर, बेळगाव
(नाव-पत्ता सोबत दिलाय, भाचीच्या नोकरीमुळं छापू नये ही विनंती)